कानातला कापूस आणि आनाचा दिवा

परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे फहाहीलच्या आमच्या फ्लॅटमधल्या हॉलच्या खिडकीवरचा चंदेरी कागद टराटरा फाडून काढला. कुवेतमध्ये राहणाऱ्यांना हा कागद समजावून सांगायला नको. ऊन घरात येऊ नये म्हणून आम्ही सगळेच तो काचांना चिकटवतो आणि वर जाड पडदे लावतो. आमच्या हॉलमध्ये वीस वर्षांत ऊन आलं नव्हतं. माझा नवरा, मिलिंद, चहाचा कप हातात धरून बघतच राहिला.

"अगं, मे महिन्यात काय करणार आहेस?"

"मे महिन्याचं मेमध्ये बघू," मी म्हटलं आणि खिडकीशी खुर्ची ओढून उन्हात बसले.

मी हे का केलं ते मिलिंदला एका वाक्यात सांगता आलं नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

मी मूळची गुहागरजवळची. कुवेतमध्येच, शुऐबा या कारखान्यांच्या भागात, एका कंत्राटी कंपनीच्या ऑफिसात हिशेब बघते. कुवेतमध्ये मला थंडी वाजते ती फक्त त्या ऑफिसात, कारण आमचा साहेब एसी असा लावतो की जुलैत बाहेर पन्नासच्या घरात तापमान असताना मी आत स्वेटर घालून बसते. त्याच ऑफिसात एडना भेटली. सुरक्षा तपासणीच्या कामावर ती करारावर आली होती. बुटकी, रुंद चेहऱ्याची, हसली की डोळे मिटून घेणारी. पहिल्या दिवशी मला ती मणिपूरची वाटली. मी सरळ हिंदीत बोलायला लागले, तर ती इंग्रजीत म्हणाली, "मी इनुपियात. अलास्काच्या अगदी वरच्या टोकाची." तिच्या गावाबाहेर बर्फाचा समुद्र आणि त्यापलीकडे काहीच नाही, असं तिने सांगितलं. ती आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायला आली.

बिचारी पहिल्याच उन्हाळ्यात पार्किंगमध्ये चक्कर येऊन पडली. तिला वर आणलं, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं आणि ताक पाजलं. नंतर मी तिला कुवेतमध्ये जगायचं कसं ते शिकवलं. दुपारी बाहेर पडायचं नाही, धुळीचं वादळ आलं की दाराखाली ओला टॉवेल कोंबायचा, आणि ताक सोडायचं नाही. तिला ताकाचं व्यसनच लागलं. करार संपून निघाली तेव्हा माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "तुझ्या उन्हात तू मला जगवलंस. आता माझ्या थंडीत ये. मी तुला जगवते."

असलं बोलणं लोक निरोपाच्या वेळी बोलतातच. पण तिचे फोन येत राहिले. तिची मुलगी डोरा बाळंत झाली. बाळ अंधारात जन्मलं, कारण त्यांच्याकडे हिवाळ्याचे दोन महिने सूर्य उगवतच नाही. "बाळाने अजून सूर्य पाहिलेला नाही," एडना म्हणाली, "पहिल्यांदा बघेल तेव्हा तू इथे असायला हवीस. यल्ला, ये!" कुवेत सोडलं तरी तिचं यल्ला, म्हणजे अरबीतलं 'चल', सुटलं नव्हतं. मी रजा टाकली. पुण्याला शिकणारा आमचा मुलगा फोनवर म्हणाला, "आई, आर यू सीरियस?" होते.

तयारी

फहाहीलच्या बाजारात फिरून मी थर्मल, हातमोजे, दोन माकडटोप्या आणि तीन किलो खजूर घेतले. आणि माझ्या आईचा मान राखून कापसाचा एक मोठा गुंडाळा. आई म्हणायची, थंडी शिरते ती कानातून. आमच्याकडे डिसेंबरात जरा गार वारा सुटला की सगळ्या घराच्या कानांत कापसाचे बोळे असायचे. आता कोकणातल्या थंडीला एवढं, तर उत्तर टोकाला किती लागेल, या हिशेबाने मी गुंडाळा घेतला होता.

किती विमानं बदलली ते सांगत बसत नाही. शेवटचं विमान एवढंसं होतं आणि त्यात माझ्या शेजारच्या सीटवर कोणाचा तरी वॉशिंग मशीनचा खोका होता.

समुद्राकाठचं गाव

विमानाचं दार उघडलं आणि नाकातले केस गोठले. ही अतिशयोक्ती नाही. श्वास घेतला की नाकात काहीतरी कडकड मोडतंय असं वाटत होतं. दुपारचे बारा वाजले होते आणि आभाळ निळसर-जांभळं होतं, पहाटे आपल्याकडे असतं तसं. हाच तिथला दिवस. तासा-दोन तासांनी तोही मावळतो.

एडना धावत आली. माझी माकडटोपी आणि तिच्या कडेने बाहेर आलेला कापूस बघून ती रस्त्यातच खाली बसून हसायला लागली. सोबतचा तिचा जावई विल्बर सभ्य माणूस, तो फक्त तोंड फिरवून हसला. घरी पोचल्यावर डोराने माझ्या कानांचा फोटो काढला. तो सगळ्या गावात फिरला असणार, कारण दुसऱ्या दिवशी दुकानात एका अनोळखी बाईने मला बघून स्वतःच्या कानांकडे बोट केलं.

घर खांबांवर उभं, एकमजली. दार उघडलं की आधी एक थंड खोली लागते. तिथे बूट, कातडी, हरणाच्या तंगड्या, मासे, सगळं टांगलेलं. त्यांना फ्रीजची गरजच नाही. त्या खोलीत पाऊल टाकलं आणि मी थबकले. सीलच्या चरबीचं तेल काचेच्या बरणीत भरून ठेवलं होतं आणि त्याचा वास थेट आमच्या बंदरावर वाळत घातलेल्या बांगड्यांचा होता. एवढ्या लांब येऊन माहेरचा वास! मला एकदम बरं वाटलं.

एडनाची आई घरात सर्वांत मोठी. तिला सगळे आना म्हणत, म्हणजे आजी. मीही तिला आनाच म्हणायला लागले. बोटं संधिवाताने वाकडी झालेली, पण नजर अशी की मी ताटात काय टाकलं ते तिला पाठमोरी असताना कळायचं. पहिल्या जेवणाला तिने माझ्यापुढे गोठलेला कच्चा मासा ठेवला. पातळ काप करायचे, तेलात बुडवायचे आणि तोंडात टाकायचे. मी गुहागरची, मासा बघून मागे हटले तर नाव सांगायची सोय राहिली नसती. खाल्ला. जिभेवर आधी बर्फ, मग लोणी, मग समुद्र. दुसरा काप मी स्वतःहून उचलला तेव्हा आना म्हणाली, "आरिगा!" म्हणजे छान, मस्त, झकास. नंतर व्हेलची चरबीसकट कातडी आली, तीही खाल्ली. बदल्यात मी हरणाच्या मटणाला गोडा मसाला लावून रस्सा केला, तर विल्बर तीनदा घ्यायला आला.

बाळाची गंमत मात्र मला समजायला वेळ लागला. आना त्याला मांडीवर घेऊन सारखी काहीतरी कुरकुरायची, आणि डोरा हसायची.

"काय म्हणतायत त्या?" मी एडनाला विचारलं.

"म्हणते, रात्रभर घोरतोस, तेव्हाही घोरायचास."

"तेव्हा म्हणजे कधी?"

मग एडनाने सांगितलं. बाळाचं नाव अमागुक, म्हणजे लांडगा. हे आनाच्या नवऱ्याचं नाव. तो दोन हिवाळ्यांपूर्वी बर्फावर शिकारीला गेला आणि परत आला नाही. त्यांच्यात गेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला देतात आणि नावाबरोबर तो माणूसही थोडा परत येतो असं मानतात. म्हणून आनाच्या लेखी हे बाळ तिचा नवरा. ती त्याला नवरा म्हणूनच हाक मारायची, रागवायची, लाडही करायची. माझी आजी आयुष्यात कधी आजोबांचं नाव घेऊन बोलली नाही, आणि इथे ही आजी दीड महिन्याच्या नवऱ्याला नावाने हाका मारून डायपर बदलत होती. मला हसू आलं आणि मी पुढे होऊन बाळाचे पाय धरले.

वादळ

सूर्य दिसायला थोडेच दिवस उरले होते, तेव्हा वारा सुटला. कुवेतमध्ये धुळीचं वादळ मी वीस वर्षं पाहिलंय, म्हणून आधी मला त्याचं विशेष वाटलं नाही. पण या वाऱ्याने घर खांबांवर हलायला लागलं. खिडकीबाहेर समोरचं घर दिसेना, मग आमची स्वतःची पायरी दिसेना. आणि दिवे गेले.

दिवे गेले एवढ्यावर थांबलं नाही. तिथली तेलाची शेगडी विजेशिवाय पेटत नाही. टाकी भरलेली आणि शेगडी थंड. गावात घरोघरी बॅटरीवरचा रेडिओ असतो, त्यावर एका माणसाचा आवाज आला. तारा तुटल्यात, वारा कमी झाल्याशिवाय कोणी खांबावर चढू शकत नाही. शाळेत जनरेटर आहे, ज्यांना जमेल त्यांनी तिथे यावं, ज्यांना जमणार नाही त्यांनी घर सोडू नये. शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. विल्बर दोर कमरेला बांधून बाहेर पडला, जरा वेळाने भुवयांवर बर्फ घेऊन परत आला आणि म्हणाला, "माझाच हात मला दिसत नाही. बाळाला घेऊन नाही जायचं."

सगळ्यांनी आनाकडे बघितलं. ती म्हणाली, "इथेच."

पुढचं बघून मी चाट पडले. विल्बरने थंड खोलीतून शिकारीचा कापडी तंबू आणला आणि हॉलमध्ये, सोफा भिंतीला ढकलून, उभा केला. दोऱ्या कपाटाच्या मुठींना आणि टेबलाच्या पायांना बांधल्या. आम्ही कुवेतमध्ये हिवाळ्यात हौसेने वाळवंटात तंबू ठोकतो, शेकोटी करतो, चहा पितो. इथे घराच्या आत घर झालं होतं. खाली हरणाची कातडी दोन थरांत, खालच्याचे केस जमिनीकडे आणि वरच्याचे आमच्याकडे. सगळं घर तापवायचं नाही, माणसं मावतील एवढीच जागा तापवायची, हा त्यांचा बेत. मीही हात चालवला. दारांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले. ते बघता बघता गोठून लाकडासारखे टणक झाले आणि वारा थांबला.

"कुवेत!" एडना ओरडली.

आनाने मान हलवली. पूर्वी त्यांची माणसं फटींत ओला बर्फ लिंपायची, तसंच झालं, म्हणाली. वर तंबूच्या टोकाला मात्र विल्बरने हवेसाठी मुठीएवढं भोक ठेवलं आणि त्याला हात लावायचा नाही असं मला दोनदा बजावलं.

प्रवासात वापरायचा छोटा स्टोव्ह होता, पण त्याचं तेल थोडंच होतं. ते बर्फ वितळवायला आणि चहाला ठेवायचं ठरलं. आमच्या अंगाच्या उबेने तंबू सुसह्य झाला, पण बाळाला पुरेसा नव्हता. वारा थांबायचं नाव घेईना. मग आनाने शेल्फकडे बोट केलं. तिथे एक पसरट दगडी भांडं होतं, अर्ध्या चंद्राच्या आकाराचं. मी इतके दिवस त्यात किल्ल्या आणि जुने सेल पडलेले बघत होते. तो दिवा होता. आनाच्या आईचा, सीलच्या तेलाचा. आनाच्या लहानपणी त्याच्यावर घर तापायचं.

तेल होतं बरणीभर. पण वात? पूर्वी शेवाळ आणि तिथल्या गवताच्या बोंडांचा भुसा वापरायचे, तो आता बर्फाखाली. डोराने जुना टीशर्ट फाडून पेटवला, तर तो वितळून काळा धूर ओकायला लागला. घरात जे कापड हातात घ्यावं ते नायलॉनचं, आणि टॉवेल फटींत गोठलेले. आना वैतागली आणि मग तिची नजर माझ्यावर थांबली. तिच्यामागोमाग सगळ्यांची.

माझ्या कानांवर.

मी टोपी काढली, कानातले बोळे काढले आणि बॅग ओढली. अख्खा गुंडाळा! मला इतका आनंद झाला की मी मराठीतच ओरडले, "अहो, वाती मला वळता येतात!"

गणपतीत, श्रावणात, दिवाळीत, फहाहीलच्या फ्लॅटमध्येसुद्धा मी टीव्ही बघत वाती वळते. कापूस पिंजला, मांडी घातली, बोटांना राखेऐवजी चिमूटभर पीठ लावलं आणि सुरू झाले. सवयीने आधी फुलवाती केल्या, नाजूक, देवापुढे ठेवतात तशा. आनाने एक उचलून बघितली आणि फूः केलं. मग तिने वाकडी बोटं जोडून दाखवलं, जाड हवी, लांब हवी, दिव्याच्या सरळ काठावर आडवी निजवायची. मी तळहातावर करंगळीएवढ्या जाड वाती वळल्या. आनाने त्या तेलात भिजवल्या, काठावर एकीला लागून एक ठेवल्या आणि पेटवल्या. ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू सरकत गेली आणि दिवाळीच्या पणत्यांसारखी ओळ उभी राहिली. तंबू पिवळा झाला. जरा वेळाने मी पुन्हा चढवलेले हातमोजे काढले.

तो दिवा नुसता ठेवून भागत नाही. वात वर आली की काजळी, खाली गेली की विझते. आना काडीने सारखी सारायची. मग तिने काडी माझ्या हातात दिली. माझ्या हातून धूर झाला की ती मांडीवर चापट मारायची, नीट जमलं की आरिगा म्हणायची. आमच्यात भाषा एवढीच होती. विल्बर हसून म्हणाला, "आनाची सूनबाई पास!" आणि मग सगळे आळीपाळीने झोपले. मी फहाहीलचे गोठलेले खजूर काखेत धरून मऊ करून एकेकाला भरवत होते.

तरी बाळाचं लक्षण बरं दिसेना. ते डोराच्या पार्क्याच्या आत, तिच्या पाठीला लागून बांधलेलं होतं. त्यांच्या बायकांचे फरचे कोट मागून सैल असतात ते यासाठीच. पण डोरा किती वेळ झोपली नव्हती कोण जाणे, ती स्वतःच थरथरायला लागली. बाळाचे पाय गार लागत होते. ते रडत नव्हतं, आणि सर्वांत वाईट म्हणजे दूध ओढत नव्हतं. एडनाचा आवाज चिरकला.

आनाने बाळाचं तोंड हातात धरलं आणि त्याच्याशी बोलली. हळू नाही, मोठ्याने, भांडल्यासारखं. एडनाने रडत रडतच मला सांगितलं, "म्हणते, एकदा मला न सांगता गेलास. या वेळी जाऊ देणार नाही."

मग आना माझ्याकडे वळली. मी दिव्याजवळ बसून सर्वांत जास्त तापले होते. तिने खुणेने मला अंगातलं काढून एडनाचा कोट चढवायला लावला, बाळाला नुसत्या डायपरवर माझ्या पाठीला लावलं आणि खालून पट्टा आवळला. ते गार पाय माझ्या उघड्या पाठीला लागले तेव्हा मी दात दाबून धरले. दिव्याकडे पाठ करून बसले. एका हाताने मागे थोपटत होते, तोंडाने माझ्या मुलाला म्हणायचे तेच गुणगुणत होते. आना वाती सारत होती. घड्याळात दुपार होती की काय, मला आठवत नाही, अंधार सारखाच होता.

आणि मग पाठीवरून काहीतरी गरम ओघळलं. डायपरच्या कडेने, सरळ कमरेपर्यंत.

"मुतला!" मी ओरडले. मराठीतच. पण सगळ्यांना कळलं. मागोमाग बाळाने असा टाहो फोडला की बाहेरचा वारा ऐकू येईना. डोराने त्याला ओढून घेतलं आणि तो गटागटा दूध ओढायला लागला. एडना हसत होती, रडत होती, अरबीत खलास खलास, म्हणजे झालं झालं, म्हणत माझे ओले कपडे ओढत होती. विल्बर तंबूबाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आना मात्र शांतपणे दिव्यात तेल घालत म्हणाली, "म्हातारा पूर्वीही असंच करायचा." एडनाने भाषांतर करताच तंबू हलेल इतके आम्ही हसलो.

ऊन

वारा पडला तो एकाएकी. रेडिओवर तोच माणूस बोलला, या वेळी त्याच्या मागे माणसं ओरडत होती. शेगडी धडधडली, दिवे आले आणि घर पुन्हा नेहमीसारखं साधं दिसायला लागलं. फोनवर मिलिंदचे आणि मुलाचे मेसेज ओळीने येत राहिले. मी लिहिलं, सगळे सुखरूप, कापूस संपला.

वादळाने घराच्या मागे छपरापर्यंत बर्फाचा ढीग रचला होता. दुसऱ्या दिवशी, ठरल्या वेळी, सगळा गाव बाहेर पडला. कोणी गाड्यांच्या टपावर, कोणी छपरावर, आम्ही त्या ढिगावर. विल्बरने आनाला पाठीवर घेऊन वर चढवलं. दक्षिणेला आभाळ नारिंगी झालं होतं. माझ्या कानात या वेळी काहीच नव्हतं, आणि हो, थंडी कानातून शिरत होती. आई खोटं बोलत नव्हती.

मग बर्फाच्या कडेवर एक ठिणगी आली. ती वाढून नखाएवढी झाली, आणि ऊन सरळ आमच्या तोंडावर पडलं. त्याला ऊब अशी नव्हतीच. पण वीस वर्षं ज्याला पडदे लावून, कागद चिकटवून बाहेर ठेवलं, ते बघून मी हात जोडले, आणि डोळ्यांतलं पाणी पापणीवरच गोठलं. गावभर एकच आरोळी उठली, "आरिगा!" मीही ओरडले, घसा बसेपर्यंत.

डोराने कोटाची टोपी मागे सारली. अमागुकने डोळे किलकिले केले, नाक मुरडलं आणि शिंकला. आनाने त्याला दोन्ही हातांनी उचलून उन्हाकडे धरलं, आणि त्या सगळ्या गलक्यात, अगदी घरातल्या आवाजात, नवऱ्याला म्हणाली, "बघ रे म्हाताऱ्या. पोचलो आपण."